वाचक विचारतात : बाळ कडेवर असताना राईडला कोणी जायचं?

दिवाळीच्या सुट्ट्यांचे प्लॅन सुरू झालेत वाटतं, कारण यावेळी तीन पत्रं जवळजवळ एकाच विषयावर आलीत, तिन्ही आपल्या नाशिकची. म्हणून या अंकात फक्त तीच घेते.

प्रश्न : ताई, आम्ही इंदिरानगरला राहतो. सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला जायचं ठरतंय. मी, हे, आमचं ८ महिन्यांचं बाळ, सासूबाई, आणि नणंद, तिचे मिस्टर, त्यांचा ११ वर्षांचा मुलगा आणि ७ वर्षांची मुलगी. मला राईड्स प्रचंड आवडतात, कॉलेजात असताना मी कायम पुढच्या सीटसाठी भांडायचे. पण घरात आत्तापासूनच सगळ्यांनी धरून चाललंय की बाळ आहे म्हणजे मी खाली थांबणार. हे पण सहज म्हणाले, "तू बस ना आईबरोबर सावलीत, आम्ही पटकन जाऊन येतो." त्यांच्या मनात काही वाईट नाही हे मला माहितीये, तरी मन खट्टू झालं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांच्याकडे दिवसभर बाळ देणं मला पटत नाही. बाळ अजून अंगावर पितंय, माझं सिझर झालेलं आहे. मी राईडला जाऊ शकते का? नंबर कसे लावायचे? आणि बाळाला मांडीवर घेऊन एखाद्या राईडला बसता येतं का?

उत्तर : अगं, सिझरला ८ महिने झालेत, तुझ्या डॉक्टर हो म्हणाल्या तर तू नक्की जा, आणि पहिला नंबर तुझाच लाव. पहिला का ते सांगते. सकाळी बाळ पोटभर प्यायलेलं असतं, झोप झालेली असते, ऊन वाढलेलं नसतं आणि रांगाही त्यातल्या त्यात लहान असतात. दुपारी दोननंतर तेच बाळ किरकिर करायला लागतं, मग त्याला आईच लागते, आणि "जाऊ दे गं, पुढच्या वेळी" असं सगळ्यात आधी आईच स्वतःला सांगते. आईचा नंबर शेवटी ठेवला की तो हमखास हुकतो, मी कितीतरी घरांत बघितलंय हे.

आता तुमच्या माणसांचा हिशोब कर. सासूबाई सोडल्या तरी राईडला जाण्यासारखी चार मोठी माणसं आहात, म्हणजे दोन जोड्या सहज होतात. तू आणि नणंद एक जोडी, हे आणि नंदोई दुसरी. नवरा-बायकोची जोडी मुद्दामच करू नको म्हणतेय, कारण तुम्ही दोघं एकदम राईडला गेलात की बाळ फिरून सासूबाईंकडेच जाणार. तुम्ही दोघी आधी जा, पुरुष मंडळी बाळ सांभाळतील, तुम्ही आलात की ते जातील. ११ वर्षांच्या भाच्याची तर चंगळच, उंची बसत असेल तर तो दोन्ही जोड्यांबरोबर जाईल, एकच राईड दोनदा! फक्त दुसऱ्या वेळीही त्याला रांगेत उभं राहायला लागेल हे त्याला आधी सांग.

७ वर्षांच्या भाचीचं मात्र नीट बघा, बऱ्याच मोठ्या राईड्सना ती उंचीत बसणार नाही. आजच दाराच्या चौकटीला दोघांना अनवाणी उभं करून सेंटीमीटरमध्ये उंची लिहून ठेवा, आणि पार्कच्या साईटवर प्रत्येक राईडची किमान उंची दिलेली असते ती ताडून बघा. रांगेच्या तोंडाशी पट्टी लावून मापतात, तिथे "दोनच बोटं कमी आहे हो" चालत नाही आणि चालूही नये. मग चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून पोरगी रडत परत येते, ते टाळायचं असेल तर घरीच कळलेलं बरं. आणि जी जोडी खाली थांबलीये तिने नुसतं बाकावर बसून राहायचं नाही, त्या वेळात भाचीला छोट्या राईड्सना न्यायचं, कॅरोसेलवर बसवायचं. एक जण तिच्याबरोबर, एक जण बाळाजवळ. म्हणजे तिलाही वाटणार नाही की सगळे मजा करतायत आणि मी उरले.

वेळेचं गणित आधीच मान्य करून टाका. समज रांग चाळीस मिनिटांची आहे, तर दोन जोड्यांचं मिळून एका राईडला दीड तास जातो. म्हणजे आळीपाळीने जायचं असेल तर दिवसभरात मोठ्या राईड्स तीनच होतील, फार तर चार. सगळंच करू म्हणाल तर निम्मा दिवस एकमेकांना फोन करून "कुठे आहात" विचारण्यात जाईल. आपसात ठरवा कोणत्या तीन. तुझ्या पत्रावरून वाटतं तुला नायट्रो, म्हणजे तिथली मोठी रोलर कोस्टर, हवीच असणार, तर गेटमधून आत गेल्या गेल्या सरळ नायट्रो, बाकी सगळं नंतर. डीप स्पेस ही अंधारातली रोलर कोस्टर आहे, ती दुसरी ठेवा. राजासॉरस मध्ये पाणी उडतं, ओल्या कुर्त्याने बाळाला जवळ घेणं त्रासाचं होतं, म्हणून ती शेवटी आणि कोरडे कपडे बरोबर ठेवून. शक्य असेल तर भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार टाळा, सगळा महाराष्ट्र त्याच दिवशी निघतो. अगदीच तोच दिवस मिळत असेल तर एक्सप्रेस तिकीट असतं, महाग आहे पण रांग वेगळी असते, आणि सगळ्यांना नाही, ज्यांना मोठ्या राईड्स करायच्यात तेवढ्यांनाच काढा.

परदेशातल्या मोठ्या पार्कमध्ये एक पालक राईड करून आला की दुसऱ्याला परत पूर्ण रांग लावावी लागत नाही, तशी सोयच असते, खाली दुसऱ्या पत्रात सविस्तर लिहिलंय. आपल्याकडे ती बोर्डावर लिहिलेली दिसली नाही तरी विचारायला काहीच हरकत नाही, पण विचारायचं रांगेत घुसायच्या आधी, तोंडाशी जो स्टाफ उभा असतो त्याला. "बाळ लहान आहे, मी आले की ह्यांना पुढून सोडाल का?" एवढंच. गर्दी कमी असेल तर ऐकतात, नाही म्हणाले तर वाद न घालता रांगेला लागा. आणि राईडची एक्झिट कुठे निघते हेही तिथेच विचारून घे, बऱ्याच राईड्सची आत जायची आणि बाहेर यायची वाट वेगवेगळी असते, एक जण इकडे बाळ घेऊन उभा आणि दुसरी तिकडून बाहेर असं होतं.

आता बाळ हातात द्यायची वेळ. राईडला जाताना फोन, चष्मा, क्लिप, ओढणी, सैल चप्पल असलं काही अंगावर ठेवू देत नाहीत, आणि नायट्रोला तर खाली फ्लोअरच नाही, पाय हवेत लोंबकळतात. मंगळसूत्र लांब असेल तर घरूनच छोटं घालून ये. म्हणजे तुझा फोन थांबणाऱ्याकडे राहणार आणि तू बाहेर आलीस की तुला कोणाला फोनच करता येणार नाही! म्हणून भेटायची जागा आधी पक्की करायची, "त्या झाडाखालचा बाक" इतकी पक्की, आणि थांबणाऱ्याने तिथून हलायचं नाही, हललाच तर वेळेच्या आत परत यायचं. बाळाची बॅग जो थांबेल त्याच्याच खांद्यावर. त्यात डायपर, एक कपड्यांचा जोड, पाणी, वाटी-चमचा, नाचणीचं सत्व किंवा जे काय तू वरचं देतेस ते. बाळ शेवटचं किती वाजता प्यायलं आणि किती वाजता झोपेल हे ह्यांच्या फोनमध्ये लिहून दे, नाहीतर तू रांगेत असताना तुला हाका येतील.

तुझ्या तब्येतीबद्दल. राईडच्या बोर्डावर गरोदर बायका, हृदयविकार, पाठीचा किंवा मानेचा त्रास, नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी बसू नये असं लिहिलेलं असतं. तुझं ऑपरेशन आता नुकतंच म्हणण्यासारखं राहिलेलं नाही, तरी जायच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट सांग : कंबर अजून दुखते का, आणि खोकताना-शिंकताना लघवी निसटते का. या दुसऱ्या गोष्टीबद्दल बायका लाजेने बोलत नाहीत, पण बाळंतपणानंतर ते फार कॉमन आहे आणि व्यायामाने बऱ्याच जणींचं बरं होतं. तसं होत असेल तर आधी ते बघ, रोलर कोस्टर कुठे पळून जात नाही. आणि राईडच्या आधी बाळाला पाजूनच जा. खांद्यावरून जो बार छातीवर येऊन बसतो ना, छाती भरलेली असेल तर तो चांगलाच दुखतो. फीडिंगसाठी बंद खोली कुठे आहे ते गेटवरच विचारून ठेव.

बाळाला मांडीवर घेऊन? ज्या राईडला बार आहे, झटका आहे, वेग आहे तिथे अजिबात नाही, कोणी सोडत असेल तरी नाही. तो बार मोठ्या माणसाच्या मांडीला टेकला की तिथेच लॉक होतो, मधल्या जागेत बाळ मोकळंच राहतं, त्याला धरायला फक्त तुझे हात, आणि झटक्यात हात सुटतात. शिवाय या वयात डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. जिथे पार्कच्या नियमातच लिहिलंय की कडेवरचं बाळ चालेल, तिथे शांतपणे घेऊन बस. अंधार आणि मोठा आवाज असलेल्या शोजमध्ये दाराजवळची जागा धर, बाळ दचकलं तर लगेच उठता येतं.

जायचं म्हणशील तर नाशिकहून अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा टप्पा सुरू झालाय, त्यामुळे कसारा घाट टळतो, पण पुढे कल्याण-पनवेलचं ट्रॅफिक आहेच. पहाटे उठून एका दिवसात जाऊन येऊ असा विचारही करू नका, बाळ आणि सासूबाई दोघांचे हाल होतील. आदल्या रात्री खोपोलीकडे मुक्काम करा. गाडीत बाळ चाइल्ड सीटमध्येच, मांडीवर नाही, २०१९ च्या सुधारित कायद्यात यासाठी १,००० रुपये दंड आहे पण मी दंडासाठी सांगत नाहीये. पाजायचं असेल तेव्हा गाडी थांबवा.

आणि सासूबाईंचा पण एक नंबर लावा की! पार्क खोपोली-पाली रोडवरच आहे. पालीचा बल्लाळेश्वर आणि खोपोलीजवळचा महडचा वरदविनायक, अष्टविनायकातले दोन गणपती त्या भागात आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत दर्शन करून परतीला लागा. पार्कमध्ये त्यांच्याकडे बाळ द्यायचं ते झोपलेलं असताना, स्ट्रोलरमध्ये, सावलीत, अर्धा तास. उचलून फिरवायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नको.

ह्यांच्याशी मात्र आधी बोल, तिथे जाऊन नाही. रागाने नको. "मला पण नायट्रो करायचीये, पहिला नंबर माझा आणि ताईंचा, तोवर बाळ तुमच्याकडे" एवढं सरळ वाक्य पुरे. तू लिहिलंयस त्यावरून मला तरी वाटतं ते लगेच हो म्हणतील, त्यांच्या लक्षातच आलेलं नाही की तुला जायचंय.

प्रश्न : नमस्कार. मी प्रेसमधून रिटायर झालो, नाशिकरोडला असतो. मुलगा फ्लोरिडात आहे, नातू १० महिन्यांचा आहे, आम्ही दोघं थंडीत सहा महिन्यांसाठी चाललोय. तिकडे ऑर्लँडोला डिस्नेला न्यायचं मुलाच्या मनात आहे. तो म्हणतो तिथे आळीपाळीने राईड करायची सिस्टीम आहे. सौ.ना वाटतं सिस्टीम वगैरे काही नाही, आपल्यालाच दिवसभर बाळ घेऊन बसायला लागणार. नक्की काय असतं?

उत्तर : काका, मुलगा बरोबर सांगतोय. डिस्नेत त्याला रायडर स्विच म्हणतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ज्या राईडला उंचीची अट आहे तिथे सगळ्यांनी मिळून तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याकडे जायचं, बाळासकट, आणि सांगायचं की आम्हाला स्विच हवंय. समजा आधी मुलगा जाणार, तर तो रांगेला लागतो, आणि सूनबाईंचं तिकीट तिथे स्कॅन करून ठेवतात. त्या बाळाला घेऊन कुठेही फिरू शकतात, तिथेच खोळंबून राहायचं नाही. मुलगा बाहेर आला की बाळ त्याच्याकडे द्यायचं आणि सूनबाई छोट्या वेगळ्या रांगेने आत जातात. मोठी रांग एकदाच लागते, दोघांची राईड होते. म्हणजे आजी-आजोबांना बाळ घेऊन बसायची गरजच नाही, हेच त्या सोयीचं कारण आहे, काकूंना आवर्जून सांगा.

ऑर्लँडोतच युनिव्हर्सल पार्क आहे, तिथली पद्धत थोडी वेगळी. तिथे अख्खं कुटुंब बाळासकट रांगेतून पुढे जातं आणि राईडजवळच्या एका खोलीत एक जण बाळाला घेऊन थांबतो, पहिला आला की तिथल्या तिथे अदलाबदल. थंडीच्या दिवसांत ते बरं, पण रांग मोठी असेल तर बाळही तेवढा वेळ रांगेत असतं, म्हणून दूध आणि डायपर आटपून मगच आत शिरायचं.

उंचीच्या अटीचा अंदाज यावा म्हणून सांगते, डिस्नेत स्पेस माउंटनला ४४ इंच लागतात, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८. नातवाला ते सगळं पुढे काही वर्षांनी. पण बऱ्याच राईड्सना उंचीची अटच नाही, तिथे बाळाला मांडीवर घेऊन बसता येतं. इट्स अ स्मॉल वर्ल्ड ही बोटीतली संथ राईड आहे, डंबो हत्ती आहे. या राईड्सना तुम्ही दोघं, नातू, मुलगा-सून सगळेच एकत्र जा. तुमचा दिवस याच राईड्सवर ठरवा असं मला मनापासून वाटतं, नातवाला काही आठवणार नाही पण तुम्हाला आयुष्यभर आठवेल. ३ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. प्रत्येक पार्कमध्ये बेबी केअर सेंटर आहे, पाजायला आडोसा, डायपर बदलायची जागा, सगळं आहे. स्ट्रोलर घेताना त्याचं माप बघा, ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब याच्यापेक्षा मोठा आत सोडत नाहीत, आणि बहुतेक राईड्सना स्ट्रोलर बाहेर लावूनच जावं लागतं, तेव्हा पासपोर्ट-पैसे त्यात ठेवू नका.

तुमचं स्वतःचं : बीपी, शुगर, स्टेंट काही असेल तर जोरात फिरणाऱ्या राईडला नाही म्हणायला संकोच करू नका. मुलं आग्रह करतात, प्रेमानेच करतात. दुपारी बाळाला घेऊन हॉटेलवर परत जायचं असेल तर तेही मुलाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे येण्याजाण्याची सोय तो बघेल.

प्रश्न : ताई, आम्हाला कुठलं इमॅजिका नि काय, आमचं आपलं कालिका देवीच्या यात्रेतले पाळणे. मुलगी सव्वा वर्षाची आहे. यंदा आकाशपाळण्यात मांडीवर घेऊन बसलं तर चालेल का? पाळणेवाले तर नाही म्हणत नाहीत.
(सिडको, नाशिक)

उत्तर : यात्रेत जायचं, पेढे घ्यायचे, सगळं करायचं, पण सव्वा वर्षाच्या मुलीला आकाशपाळण्यात न्यायचं नाही. नाही म्हणत नाहीत कारण त्यांना पुढची फेरी भरायची असते. जत्रेतल्या पाळण्याला बसायच्या जागेपुढे एक साधी दांडी असते, बऱ्याच वेळा ती हाताने अडकवलेली असते, आणि पाळणा वर थांबला की तो हलतो. एवढ्या वयाची पोरं मांडीवर स्वस्थ बसत नाहीत, वर गेल्यावर ती उभी राहायला बघतात. ब्रेक डान्स नावाच्या त्या गरगर फिरणाऱ्या पाळण्याचं तर नावच काढू नका.

तुम्ही दोघांनी मात्र जा, आळीपाळीने. एक जण मुलीला घेऊन लांब उभा राहील, पाळण्याच्या अगदी खाली नाही आणि स्पीकरच्या तोंडाशी तर नाहीच, तिथला आवाज मोठ्या माणसाला सहन होत नाही तर तिच्या कानांचं काय होत असेल. नवरात्रात रात्री गर्दी फार असते, म्हणून सकाळी दर्शन करा आणि पाळण्याला संध्याकाळी लवकर, दिवे लागायच्या सुमारास या. बसायच्या आधी तुमच्याआधीची एक फेरी पूर्ण बघा. चालवणारा प्रत्येक पाळण्याची दांडी स्वतः तपासतोय का, भरलेले पाळणे एकाच बाजूला तर नाहीत ना, कुठे दोरीने बांधलेलं दिसतंय का. शंका आली तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, उतरा.

मुलीसाठी हाताने फिरवायचं छोटं घोड्यांचं चक्र असतं, तिथे तुम्ही शेजारी उभं राहून तिला कमरेला धरा. मालकाला सांगा हळू फिरवा म्हणून, ते फिरवतात.